दिवसा चावणारे डास: मशीन, कॉइल, मच्छरदाणी सगळं असूनही! चुकतंय कुठे?

सुईदोरा

घरात अकरा महिन्यांचं बाळ, पाचवा महिना चालू असलेली बहीण आणि पंचाहत्तरीचे सासरे (मधुमेह आहे). आजूबाजूला डेंग्यूचे पेशंट निघायला लागलेत. सध्याचा बंदोबस्त असा: दिवस मावळायच्या आत खिडक्या बंद, मशीन रात्रभर चालू, बाळाला रात्री मच्छरदाणी, अगदीच झालं तर कॉइल. रात्री काही त्रास नाही. पण सकाळी आठ-नऊच्या सुमारास आणि पुन्हा चार वाजल्यानंतर टेबलाखाली घोट्यांना चावतात. काळे, पायांवर पांढरे पट्टे, कानाशी गुणगुणतही नाहीत.

विचारायचंय ते इतकंच:

१. आधी कशाच्या मागे लागावं? सगळं एकदम जमणार नाही.
२. साठवलेल्या पाण्यात औषध टाकलं तर ते पाणी प्यायला चालतं का?
३. बाळाला आणि बहिणीला अंगाला काय लावावं?
४. घरात एकाला ताप आलाच तर बाकीच्यांना कसं जपायचं?

"परिसर स्वच्छ ठेवा" यापलीकडचं सांगा, प्लीज.

कीटकवही

वर्णनावरून हा एडिस जातीचा डास. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका हे तिन्ही याच्यामार्फत येतात. तुमचा पहारा रात्रीचा आणि चोर येतोय दिवसा, एवढीच गोम आहे. एडिस उजाडल्यानंतरचे काही तास आणि सूर्यास्ताआधीचे काही तास जोरात असतो, खालच्या बाजूने येतो आणि घोटा-पोटरी पकडतो. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस आणि गटारातला क्युलेक्स हे रात्रीचे, त्यांच्यासाठी तुमची व्यवस्था ठीक आहे.

दुसरं म्हणजे हा डास बाहेरच्या उकिरड्यावरून येत नाही. जन्मतो तिथून सहसा काहीशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. घरात रोज चावतोय म्हणजे तुमच्या नाहीतर शेजारच्या घरात, गच्चीवर किंवा जिन्याखाली पाणी आहे. आणि ते घाण पाणी नसतं! म्हणून तर "आमचं घर एकदम स्वच्छ आहे हो" म्हणणाऱ्यांकडेच जास्त सापडतो.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेक लोक अर्धवट करतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. एका वेळेला साधारण शंभर, आणि तीही दोन-चार ठिकाणी विभागून. पिंपाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा. पाण्याच्या रेषेवर काळे बारीक ठिपके दिसतात, खसखशीपेक्षाही लहान, लांबट. काजळी समजून सोडून देतो आपण. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे पिंप नुसतं ओतून पुन्हा भरलं तर काहीच साधत नाही, उलट अंडी बुडवून तुम्हीच उबवायला मदत करता. रिकामं करायचं, आतून तारेच्या किंवा ताठ ब्रशने कडेपर्यंत घासायचं, ते पाणी नाल्यात न ओतता कोरड्या जमिनीवर पसरायचं, भांडं उन्हात पालथं घालायचं आणि मगच भरायचं.

हे सगळं आठवड्यातून एकदा करायचं. एकदा का? उबदार हवेत अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. कडक उकाड्यात आणखी कमी. सात दिवसांची फेरी चुकवली नाही तर सहसा अळी पंखांपर्यंत पोचत नाही. दहा दिवसांवर नेलीत की खेळ हातातून गेला. वार ठरवून टाका.

कुठे शोधायचं ते वर्तमानपत्रात छापून येतंच: टायर, कुंड्या, कूलर. न छापून येणारं सांगते. फ्रिजच्या मागे खाली, कॉम्प्रेसरजवळ एक ट्रे असतो, त्यात डीफ्रॉस्टचं पाणी जमतं. एसीच्या पाइपाखाली ठेवलेली बादली. बाटलीत वाढवलेली वेल (मुळांवर अळ्या लपतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत, मुळं नळाखाली धुवा). वापरात नसलेल्या संडासाचा फ्लश टँक आणि त्या बाथरूमची जाळी. झाकणाच्या टाकीवर झाकणाच्या खोलगटातच साचलेलं पाणी, हे तर हमखास! ताडपत्रीच्या घड्या. पन्हाळीत अडकलेला पाला. पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं. कुंपणाच्या पोकळ पाइपाचं उघडं तोंड, यात तर हातही जात नाही, त्यात वाळू भरून वरून सिमेंट लावा. कुंडीखालची थाळी काढायची नसेल तर काठोकाठ जाड वाळू भरा, पाणी वाळूत राहतं आणि डासाला उघडा पृष्ठभाग मिळत नाही. कूलर असेल तर टाकीबरोबर पॅडही, कारण अंडी पॅडला चिकटलेली असतात. हंगाम संपला की पॅड फेकून द्या, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

पाटपाणी

कीटकवहीताईंच्या घासण्याला +१. टाकी-पिंपाचं मी लिहितो.

ज्या साठ्याचं झाकण घट्ट बसतं त्याला औषधाची गरजच नाही. "घट्ट" म्हणजे: झाकण आणि तोंड यांच्यामध्ये कागद सरकवून पाहा. कागद सहज आत गेला तर डासही जाईल. रबरी पट्टी बसवा, नाहीतर तोंडावर दुहेरी सुती कापड ताणून इलॅस्टिकने आवळा. कापड सैल पडून मध्ये पाण्याला टेकलं तर उपयोग शून्य, मादी ओल्या कापडावरच अंडी घालते.

गच्चीवरच्या टाकीत लोक झाकण बघतात आणि ओव्हरफ्लोचा पाइप विसरतात. दोन इंची उघडं तोंड म्हणजे डासाला दरवाजाच. त्यावर बारीक स्टीलची जाळी क्लॅम्पने आवळून बसवा. प्लॅस्टिकची जाळी उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होते. हवेसाठी वेगळा पाइप असेल तर त्यालाही तसंच. आणि सेप्टिक टाकीचा व्हेंट पाइप! त्यातून क्युलेक्स थव्याने निघतात. तोही जाळीने बंद, आणि टाकीच्या फरश्यांमधल्या फटी सिमेंटने.

प्रश्न २: ज्या साठ्याचं झाकण बंदच होऊ शकत नाही (हौद, मोठं उघडं टाकं) तिथेच औषध. दोन पर्याय माहितीचे आहेत.

टेमेफॉस (अळ्या मारणारं रसायन), १ टक्क्याचे वाळूसारखे दाणे: प्रमाण १०० लिटरला १० ग्रॅम. म्हणजे ५०० लिटरला ५० ग्रॅम, हजाराला १००. हिशेब भरलेल्या टाकीच्या पूर्ण क्षमतेवर करायचा, आजच्या पाण्यावर नाही. यातून लिटरला १ मिलिग्रॅम इतकं औषध उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे, त्यामुळे "दोन मुठी जास्त टाकू" हे बिलकुल नको. काट्यावर तोला. आणि पाकिटावर पिण्याच्या पाण्यासाठी असं स्पष्ट छापलेलं असेल तरच. दाणे तळाशी बसून हळूहळू उतरतात, त्यामुळे टाकं धुतलंत की औषधही धुतलं गेलं, पुन्हा टाकावं लागतं.

बीटीआय: हा जिवाणू. अळीने खाल्ला की तिचं आतडं फाडतो. माणूस, मासे, मधमाश्या यांना काही होत नाही. प्रमाण प्रत्येक कंपनीच्या गोळी-भुकटीनुसार वेगळं, लेबल वाचा. पण कोष खात नाहीत, म्हणून औषध टाकल्यावरही दोन-तीन दिवस डास निघत राहतात. लोक म्हणतात औषध नकली. नकली नसतं, उशिरा टाकलेलं असतं. पाण्यात स्वल्पविरामासारखे गुबगुबीत, डोकं मोठं असलेले प्राणी गटांगळ्या खाताना दिसले तर ते कोष. तिथे औषधाच्या नादी लागू नका, पाणी ओता.

गप्पी मासे बंदिस्त हौदात चालतात. तळ्यात, ओढ्यात सोडू नका, तिथले स्थानिक मासे आणि बेडकांची पिल्लं फस्त होतात.

झटपट७७

एवढा कुटाणा कशाला? पाण्यावर रॉकेल शिंपडा, मोबाइलवर डास पळवणारं आवाजाचं अ‍ॅप टाका, आणि वॉर्डात सांगून धूर मारून घ्या. काम तमाम.

कीटकवही

@झटपट७७, आवाजाची यंत्रं आणि अ‍ॅप तपासून झालेली आहेत, चावण्यात काहीही फरक पडत नाही. निळ्या दिव्याची मशीनही तशीच, त्यात मरतात ते बहुतेक पतंग आणि चिलटं. रॉकेलच्या थराखाली अळीला श्वास घेता येत नाही हे खरं, पण थर वाऱ्याने फाटतो, उडून जातो, आणि ते पाणी कशाच्याही कामाचं राहत नाही. असं पाणी सरळ ओतून देणं सोपं नाही का?

धुराबद्दल: त्या क्षणी हवेत उडत असलेले डास मरतात, बस्स. एडिस बसलेला असतो पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत. धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे तो आणखीच सुरक्षित. अळ्या, कोष, अंडी यांना धुराचा स्पर्शही होत नाही, आठवड्याभरात नवी फौज तयार. साथ भडकलेली असताना धुराला जागा आहे, एरवी तो डोळ्यांचं समाधान.

गंधक

प्रश्न ३ वर.

बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असतं तर अंगाला काहीच लावू नका म्हटलं असतं. अकरा महिन्यांना डीट किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी, अंगाला लावायची रसायनं) चालतं. किती टक्के ते महत्त्वाचं: १० टक्के डीट साधारण दोन तास टिकतं, २० ते ३० टक्के चार-सहा तास. ५० च्या वर गेलं तरी वेळ फारसा वाढत नाही, फक्त त्वचेवर जास्त रसायन बसतं. पिकारिडिन २० टक्के हे त्याच तोडीचं, वास कमी, आणि डीटसारखं चष्म्याची फ्रेम नि घड्याळाची काच खराब करत नाही. बाळासाठी मी तेच घेईन. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं, डासांना दूर ठेवणारं पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. सिट्रोनेला वगैरे तेलं तासाभरातच उडून जातात.

लावायची पद्धत: आधी मोठ्याने आपल्या तळहातावर घ्यावं, मग बाळाच्या उघड्या अंगावर पातळ थर. बाळाचे हात, डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, खरचटलेल्या जागी नाही (हात तोंडात जाणारच). कपड्यांखालच्या अंगाला नाही. सनस्क्रीन लावत असाल तर आधी ते, मुरल्यावर मग हे. घरात आल्यावर साबणाने धुऊन टाका. गरोदरपणात हीच दोन रसायनं लेबलप्रमाणे वापरायला हरकत नाही, उलट टाळण्यात जास्त धोका आहे.

कपडे: फिकट रंगाचे, सैल, लांब बाह्या, आणि तुमच्या बाबतीत पायमोजे. घोट्याला चावतोय ना. घट्ट लेगिंग्जमधून सोंड आरपार जाते. कपड्यांवर फवारायचं ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक मिळतं, ते अंगाला लावायचं नाही, कपडा पूर्ण वाळल्यावरच घालायचा. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यापासून लांब ठेवा, मांजराला परमेथ्रिन विषारी असतं. माशांच्या टाकीजवळही नको.

मशीन रात्री लावता ते सकाळी आणि दुपारनंतर लावा, त्या खोलीत बसायच्या अर्धा तास आधीपासून. बाळाच्या उशाशी नको, आणि जाळीची एक खिडकी उघडी असू द्या. कॉइल घरात बंदच करा, त्याचा बारीक धूर बाळाच्या नि सासऱ्यांच्या छातीला डासाइतकाच वाईट. त्यापेक्षा टेबलाखाली पायांवर रोख धरून पंखा. डास फार दुबळा उडतो, शिवाय श्वासातला वायू आणि अंगाचा वास पांगतो, त्याला माग लागत नाही.

स्प्रे मारायचा तर हवेत नाही. पलंगाखाली, टेबलाची खालची बाजू, पडद्यांच्या मागे, कपाटाच्या फटीत. खोली १५-२० मिनिटं बंद, मग खिडक्या उघडून हवा खेळू द्या, त्यानंतरच बाळ आत.

पाटपाणी

जाळीचं राहिलं. खिडकीसाठी इंचाला १८ × १६ छिद्रांची जाळी घ्या. चौकटीला चिकटपट्टीने लावलेल्या जाळ्या कोपऱ्यांत उचकटतात आणि सगळे डास त्याच कोपऱ्यातून येतात, महिन्यातून एकदा चौकटीवर बोट फिरवून बघा. बाथरूमची झडपांची खिडकी आणि एक्झॉस्टचं भोक, या दोन जागा बऱ्याच घरांत उघड्या असतात.

मच्छरदाणी रात्रीची आहे म्हणालात. बाळाची दिवसाची झोपही त्यातच हवी, सासऱ्यांची वामकुक्षीही. गादीखाली चहूबाजूंनी खोचा, लोंबती ठेवू नका. साध्या जाळीला हातपाय टेकले तर बाहेरून चावतात. औषध भरलेली असेल तर टेकलेला डासही मरतो. ती साध्या साबणाने, थंड पाण्यात, न घासता धुवा आणि सावलीत वाळवा, कारण उन्हाने औषध मरतं. साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षं टिकते असं धरतात. दर दुसऱ्या दिवशी धुणारे ती काही महिन्यांतच साधी करून टाकतात.

पाळीबदल

प्रश्न ४. हा फार थोडे लोक विचारतात.

डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तात ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते तापाच्या साधारण पाचव्या दिवसापर्यंत भरपूर असतो. त्या काळात चावलेला डास ८ ते १२ दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ लागतो आणि मरेपर्यंत देतो. म्हणून ताप आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून, रिपोर्टची वाट न बघता, दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा आणि त्याच दिवशी घरातले लपलेले डास स्प्रेने मारा. भांडी-टॉवेल वेगळे करायची गरज नाही, स्पर्शाने पसरत नाही. आणखी एक: एडिसला जरा हलवलं की उठतो आणि दुसऱ्याला चावतो, एका जेवणात तीन-चार माणसं. दोन दिवसांच्या अंतराने घरात तिघांना ताप आला तर तो एकमेकांकडून नाही, बहुधा एकाच डासाकडून.

तपासणी: पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तातला विषाणूचा अंश शोधणारी), पाचव्या दिवसानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). चुकीच्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, विशेषतः गेल्या काही महिन्यांत कोणी मलेरियाच्या भागात जाऊन आलं असेल तर. व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा उठतो, त्यासाठी वेगळं औषध पूर्ण घ्यावं लागतं.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. सासरे रोज अ‍ॅस्पिरिन घेत असतील तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा. मुलांना वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. इथे एक हमखास घोटाळा होतो: काही सिरपांत ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. आठ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम लागतं. दाट सिरप "नेहमीसारखं एक चमचा" दिलं तर डोस दुपटीच्या पुढे गेला. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा.

धोक्याची वेळ ताप उतरताना येते, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, पुढचे २४ ते ४८ तास. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हाच. पोटात जोराची दुखी, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती किंवा एकदम चिडचिड, हातपाय गार, सहा तासांत लघवी नाही: यातलं एक जरी दिसलं तरी लगेच हॉस्पिटल, रात्र असली तरी. सगळे प्लेटलेट्सचा आकडा धरून बसतात, पण हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतंय का ते त्याच रिपोर्टात बघायचं असतं. तुमच्या घरात बाळ, गरोदर बाई आणि मधुमेही वृद्ध असे तिघेही आहेत. या तिघांनी लक्षणं दिसायची वाट न बघता पहिल्याच तापाला डॉक्टरकडे जायचं.

लशींचं थोडक्यात: जपानी मेंदूज्वर आणि पीतज्वर यांवर चांगल्या लशी आहेत, तो आजार असलेल्या भागात राहत-जात असाल तर घ्या. डेंग्यूची लस सगळ्यांना सरसकट दिली जात नाही, आणि ती गरोदरपणात देत नाहीत. झिकावर लस नाही, म्हणून बहिणीने झिका असलेल्या भागात प्रवास टाळावा. नवरा तिकडे जाऊन आला तर उरलेल्या गरोदरपणात कंडोम, कारण झिका शरीरसंबंधातूनही जातो.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. वार ठरवला, पायमोजे कपाटातून बाहेर काढून घालायला लागलो. एक उपप्रश्न: पंधरा दिवस घर बंद राहणार आहे. आठवड्याची फेरी कशी करायची?

पाटपाणी

पंधरा दिवस म्हणजे अंड्यापासून डासापर्यंत एक पिढी आरामात. निघताना: फ्लश टँकचा कॉक बंद करून दोनदा फ्लश करा, झाकण नीट बसवा. कमोडवर प्लॅस्टिकची फिल्म ताणून वर झाकण. बाथरूम आणि सिंकच्या जाळ्यांवर जाड प्लॅस्टिक ठेवून वर वजन. सगळी पिंपं-बादल्या रिकाम्या, घासून, पालथ्या. फ्रिज बंद करणार असाल तर दार उघडं ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या आणि मागचा ट्रे शेवटी पुसा, आधी पुसलात तर पुन्हा भरतो. बाटलीतली वेल शेजाऱ्यांकडे देऊ नका, मातीत लावून टाका.

आल्यावर बाळाला आत न्यायच्या आधी एकाने पुढे जावं. स्प्रे, वीस मिनिटं बंद, मग खिडक्या उघडून सगळे नळ आणि फ्लश सोडायचे. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाचा खोलगट भाग त्याच दिवशी बघा.

कीटकवही

आणि शेजारच्या बंद घराचंही बघा. चावी कोणाकडे आहे ते आत्ताच विचारून ठेवा. तुमच्या वाराला त्यांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांच्या थाळ्याही ओतता आल्या तर तुमचे निम्मे डास तिथेच संपतील.